नरो वा कुंजरो वा : एका बंदुकीच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीत आमच्या शेजाऱ्यांचा नातू सुटीवर आला होता. सैन्यात अधिकारी; महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधला एक अभ्यासक्रम नुकताच पुरा करून आलेला. फ्रीगंजातील त्यांचे आणि आमचे घर गेल्या तीन पिढ्या भिंतीला भिंत लावून उभे आहे. त्यामुळे मुलगा आम्हांला ‘आजोबा’ म्हणतो आणि आमच्याकडचा चिवडा हक्काने मागून खातो. संध्याकाळी टॉवर चौकातून शहीद पार्ककडे फेरी मारताना बोलणे सैन्याच्या नव्या बंदुकांवर आले. गोपनीय असे त्याने काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. येथे जे लिहीत आहोत ते सर्व पूर्वीच छापून आलेले आहे. बोलता बोलता तो एका मोठ्या, जड रायफलीविषयी म्हणाला, “आजोबा, ही माणसांसाठी नाहीच मुळी. ही सामानासाठी आहे.” आम्ही सहज विचारले, “आणि सामानापाशी कोणी बसलेले नसते का रे?” तो हसला. थोडे अंतर चालून गेल्यावर मात्र हळूच म्हणाला, “असते.”

हा एक शब्द आमच्या मनातून जाईना. या लेखाचे निमित्त तेवढेच.

निवृत्त सरकारी माणसाने बंदुकीवर लिहावे हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु माळव्यातील आपणा मराठी कुटुंबांचा इतिहासच शस्त्रांच्या सावलीत घडलेला आहे. राणोजी शिंद्यांबरोबर आपले पूर्वज येथे आले. कोणी तलवार घेऊन, कोणी दौत-लेखणी घेऊन. १८१० मध्ये दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. १८०१ च्या जुलैत याच शहराजवळ यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. म्हणजे मराठ्यांनी मराठ्यांवर तोफा डागल्या. पुढेही हा संबंध तुटला नाही. खडकी, वरणगाव, अंबाझरी, जबलपूरजवळची खमरिया या ठिकाणच्या आयुध निर्माणींत नोकरी केलेला एखादा मामा किंवा आतेभाऊ आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात सापडेल. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

आमचे घराणे लेखणीवाल्यांपैकी. म्हणूनच या बंदुकीच्या पोलादापेक्षा तिच्या नावाकडे आमचे लक्ष आधी गेले. इंग्रजीत तिला ‘अँटी-मटीरियल रायफल’ म्हणतात. आपण सामग्रीविरोधी रायफल म्हणू. सैन्याच्या जमाखर्चात दोन मोठे रकाने असतात : एक मनुष्यबळाचा आणि दुसरा सामग्रीचा. आमच्या कार्यालयांतही एक शाखा आस्थापनेची आणि दुसरी भांडाराची असे. ही रायफल शत्रूच्या दुसऱ्या रकान्यावर चालावयाची, असे तिचे नाव सांगते. रडार, इंधनाचा टँकर, उभे विमान, दारूगोळ्याची गाडी, संदेशवहनाचा मनोरा ही तिची लक्ष्ये. प्रश्न असा आहे की मारणाऱ्याने आपल्या लक्ष्याला ‘वस्तू’ असे नाव दिल्याने त्याच्या कृत्याचे नैतिक स्वरूप बदलते काय? आणि बदलत असेल तर किती?

उत्तराकडे वळण्यापूर्वी ही बंदूक आहे तरी कशी, ते पाहू. भारतात या जातीची जी रायफल तयार होते तिचे नाव ‘विध्वंसक’. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीने ती या शतकाच्या पहिल्या दशकात बनविली. तिचा आदर्श म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील डेनेल कंपनीची ‘एनटीडब्ल्यू-२०’ ही रायफल. त्या कंपनीशी आपला व्यवहार २००५ मध्ये तुटला आणि आपल्या कारखान्याने त्या धर्तीची रायफल येथेच तयार केली. सीमा सुरक्षा दलाने ती स्वीकारली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून तिरुचिरापल्लीचा हा कारखाना कानपूरस्थित कंपनीच्या अधिकारात आहे.

सामान्य शिपायाच्या रायफलीची गोळी ५.५६ किंवा ७.६२ मिलिमीटर व्यासाची असते. विध्वंसकला १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटरच्या नळ्या बसविता येतात आणि त्या रणांगणावरही बदलता येतात. पूर्ण रायफलीचे वजन पंचवीस किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक. ती सुटी करून दोन ओझ्यांत बांधतात आणि दोन माणसे वाहून नेतात. मॅगझिनमध्ये तीनच गोळ्या मावतात. लहान नळ्यांचा पल्ला सुमारे १,८०० मीटर, तर वीस मिलिमीटरच्या नळीचा सुमारे १,३००. एवढ्या गोळीचा धक्का माणसाच्या खांद्याला सोसवणार नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी वायूंना बाजूस वळविणारी योजना असते, आणि मागे सरकून धक्का जिरविणारी रचना चौकटीतच केलेली असते. नेमबाज पालथा झोपून दुर्बिणीतून पाहतो. रायफल दोन पायांच्या आधारावर टेकलेली असते.

तिचा आणखी एक विशेष म्हणजे बोल्ट. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असे, तशीच ही कल्पना. मूठ वर उचलावयाची, मागे ओढावयाची, रिकामे काडतूस बाहेर पडते. मूठ पुढे लोटावयाची, नवी गोळी नळीत जाते. मूठ खाली दाबली की बोल्टचे दात खाचांत अडकून दार बंद होते. मग चाप. पुढच्या गोळीसाठी पुन्हा हे सर्व हाताने. याच वर्गातील काही रायफली, उदाहरणार्थ १९८० च्या दशकात अमेरिकेत बॅरेट यांनी बनविलेली एम-८२, स्वतःच पुढची गोळी भरून घेतात. परंतु बोल्टची रचना मजबूत असते, गोळी सुटताना तिच्यात कमी भाग हलतात आणि नेम अधिक स्थिर राहतो. म्हणून आधुनिक काळातही अनेकांनी ती टाकलेली नाही. या अडसराकडे आपण पुढे परत येऊ.

मोठ्या, जड बंदुका काही नव्या नव्हेत. आपल्या किल्ल्यांच्या तटांवर जेजाला असत. १७६१ च्या पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरील जंबुरकांनी काय केले ते आपण शाळेत शिकलो. परंतु त्यांच्यावर ‘वस्तूंसाठी’ अशी चिठ्ठी कोणी लावली नव्हती. ती चिठ्ठी प्रथम पहिल्या महायुद्धात आली. १९१६ मध्ये इंग्रजांनी रणगाडे आणले आणि १९१८ मध्ये जर्मनांनी त्यांच्यावर माउझर कारखान्याची १३.२ मिलिमीटरची बोल्टची रायफल आणली. ती रणगाडाविरोधी, म्हणजे लोखंडाविरुद्धची. आता त्या वेळचा इंग्रजी मार्क ४ रणगाडा पाहा. त्याच्या पोटात आठ माणसे बसत. रणगाड्याचे पत्रे फोडून आत शिरणारी गोळी नेमकी कोणासाठी होती? पत्र्यासाठी की पत्र्याआड बसलेल्यासाठी? पुढे रणगाड्यांचे चिलखत जाड होत गेले, दुसऱ्या महायुद्धात या रायफली निरुपयोगी ठरल्या, आणि शतकाच्या अखेरीस त्याच नव्या नावाने परत आल्या. लक्ष्याचे नाव बदलले, आड बसलेला माणूस तोच राहिला.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला एक जुना वाक्प्रचार आहे : ‘नरो वा कुंजरो वा’. आज आपण तो टोलवाटोलवीच्या अर्थाने सैलपणे वापरतो; बँकेतल्या कारकुनाने धड उत्तर दिले नाही तरी आपण तोच म्हणतो. परंतु मूळ प्रसंग फार भयंकर आहे. द्रोणाचार्य आवरत नाहीत. त्यांनी शस्त्र खाली ठेवावे यासाठी त्यांचा पुत्र अश्वत्थामा मारला गेला असे त्यांना सांगावयाचे ठरते. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो. हा हत्ती मालवांचा राजा इंद्रवर्मा याचा. मालव म्हटल्यावर माळव्यात राहणाऱ्यांचे कान टवकारतात. ते मालव तेव्हा नेमके कोठे राहत, हा पंडितांचा विषय आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी : तो हत्ती पांडवांच्याच पक्षाचा होता. त्याने कोणाचे काही बिघडविले नव्हते. उच्चारण्याजोगा एक शब्द हाती यावा, एवढ्यासाठी त्याला मारले. मग धर्मराजाने ‘अश्वत्थामा’ मोठ्याने म्हटले आणि ‘हत्ती’ हळू आवाजात. द्रोणांनी शस्त्र ठेवले आणि त्यांचा वध झाला. धर्मराजाचा रथ तोवर भूमीपासून चार बोटे वर चालत असे. तो खाली टेकला.

आमच्या मते या कथेचे मर्म खोटे बोलण्यात नाही. धर्मराजाचा प्रत्येक शब्द खरा होता. कुंजर मेला होता, हे सत्यच. दोष आवाजाच्या चढउतारात होता. जे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे ते दबक्या आवाजात आणि जे सोयीचे ते खणखणीत. ‘सामग्रीविरोधी’ या नावात नेमके हेच घडते, फक्त क्रम उलटा झाला आहे : येथे ‘कुंजर’ मोठ्याने म्हणतात आणि ‘नर’ हळू.

यावर कोणी म्हणेल की हेतू महत्त्वाचा. नेमबाजाचा हेतू रडार फोडण्याचा आहे. रडारच्या खोलीतला माणूस मेला तर तो परिणाम झाला, हेतू नव्हे. हा आक्षेप पोकळ नाही. आम्ही नोकरीत काही वर्षे कार्यपालक दंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरले आहेत, म्हणून कायद्यातील एक उदाहरण देतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९९ सदोष मनुष्यवधाची व्याख्या करते. तिच्या खाली उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यांपैकी दोन झुडपाची आहेत. झुडपाआड एक माणूस आहे हे एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही. ज्याला ठाऊक आहे तो न जाणणाऱ्याला झुडपावर गोळी झाडावयास लावतो आणि आडचा माणूस मरतो. कायदा म्हणतो : गोळी झाडणारा कदाचित निर्दोष असेल, पण झाडावयास लावणारा सदोष मनुष्यवधाचा अपराधी. दुसऱ्या उदाहरणात कोंबडी चोरण्यासाठी कोणी गोळी झाडतो आणि झुडपाआडचा, त्याला ठाऊकच नसलेला, माणूस मरतो. तेथे चोराचा हेतू वाईट असूनही हा अपराध होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तत्त्व तेच राहिले. युद्धाचा कायदा निराळा असतो, हे आम्ही जाणतो. शांततेच्या काळातील कलम रणांगणावर जसेच्या तसे लागू होत नाही. परंतु या उदाहरणांतील विवेक सार्वत्रिक आहे. ते हेतूबरोबर जाणीवही तपासतात. झुडपाआड माणूस आहे हे कोणाला ठाऊक होते?

आता असे पाहा की ‘सामग्री’ हा शब्दच एक झुडूप आहे. रायफलीची रचना करणारे, तिची मागणी नोंदविणारे, ती मंजूर करणारे, या सर्वांना त्या शब्दाआड माणूस आहे हे ठाऊक असते. कदाचित एकटा तरुण नेमबाजच तो शब्द खरा मानून चाप ओढतो. दुर्बिणीत मात्र तो माणूस त्यालाच दिसतो, मंजुरी देणाऱ्याला नाही. जाणणारे दूर बसलेले आणि पाहणारा अजाण ठेवलेला, ही वाटणी आम्हांला अन्यायाची वाटते. शब्दाने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती वरच्यांकडून सरकून सर्वांत धाकट्याच्या खांद्यावर पडते, आणि तीही त्याला न सांगता.

वस्तूसाठी म्हणून काढलेली गोळी माणसाकडे कशी वळते याचे एक अधिकृत उदाहरण इतिहासात आहे. रशियन लष्कराने १८६३ मध्ये एक गोळी तयार केली. कठीण पृष्ठभागावर आदळली की ती फुटे. दारूगोळ्याच्या गाड्या उडविणे हा तिचा उद्देश. अगदी सामग्रीविरोधी! १८६७ मध्ये तीत असा फेरफार झाला की ती मऊ पृष्ठभागावरही फुटू लागली. रणांगणावर मऊ पृष्ठभाग म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. चार वर्षांत गाडीवरून माणसापर्यंत. रशियन सरकारचे श्रेय असे की त्याने स्वतःच पुढाकार घेऊन १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे राष्ट्रांची परिषद बोलावली, आणि चारशे ग्रॅमहून हलकी स्फोटक किंवा ज्वालाग्राही गोळी आपसांतील युद्धांत वापरावयाची नाही अशी घोषणा झाली. वीस मिलिमीटरचा गोळा या मर्यादेच्या पुष्कळच खाली येतो, म्हणून तो माणसावर चालविण्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. पुढे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातील, शरीरात पसरणारी गोळी जगभर कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेने तिच्यावर बंदी घातली. आपल्या देशातील एका गावाचे नाव क्रूरतेच्या शब्दकोशात कायमचे गेले.

सैनिकांत एक समज फार दिवसांपासून फिरत आला आहे. मोठ्या व्यासाची गोळी माणसावर झाडणे निषिद्ध आहे, म्हणून नेम त्याच्या पट्ट्यावर, पाण्याच्या बाटलीवर किंवा शिरस्त्राणावर धरावा. ती सामग्री होय! कायद्याच्या दृष्टीने हा समज चुकीचा आहे. साध्या मोठ्या गोळीने शत्रुसैनिकाला मारण्यास असा सरसकट निषेध नाही. परंतु समज चुकीचा असला तरी मनाचा व्यापार खरा आहे. माणसाला मारताना त्याची बाटली पाहण्याची गरज वाटावी, यातच कोठेतरी सद्सद्विवेक जागा असल्याचा पुरावा आहे. तो विवेक अशा पळवाटेने निजविला जातो, हे दुःख.

मग ही बंदूक असूच नये काय? आम्ही तसे म्हणणार नाही. सीमेवरचा जवान जागा असतो म्हणून आपण येथे महाकालाच्या शयन आरतीनंतर निश्चिंत झोपतो; आरामखुर्चीतून त्याला अहिंसेचा उपदेश करणे आम्हांला शोभणार नाही. शिवाय वस्तूवर प्रहार करून माणूस वाचविणे ही कल्पना मुळात उदात्त आहे, आणि आपल्याकडे ती जुनी आहे. महाभारतात ‘विरथ करणे’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. धनुष्याची दोरी तोडावी, ध्वज पाडावा, रथ मोडावा आणि योद्ध्याला जमिनीवर उभे करावे. विराटनगरीच्या गोग्रहणात अर्जुनाने संमोहनास्त्राने कौरवांना बेशुद्ध केले आणि उत्तरेच्या बाहुल्यांसाठी त्यांची वस्त्रे तेवढी आणविली. युद्धारंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले होते की रथीने रथीशीच लढावे, आणि शस्त्र खाली ठेवलेल्यावर वार करू नये. आजही अशा रायफलीने न फुटलेला बाँब दुरून फोडून टाकता येतो आणि त्यामुळे कितीतरी प्राण वाचतात. एका गोळीने रडार निकामी झाले तर कदाचित एक बाँबवर्षाव टळेल. जेथे ‘सामग्रीविरोधी’ हा शब्द खरा असतो, तेथे तो आदरास पात्र आहे.

म्हणून प्रश्न वापराचा, आणि वापराची साक्ष निराळी आहे. २००२ मध्ये अफगाणिस्तानात एका कॅनडियन सैनिकाने २,४३० मीटरवरून आणि २०१७ मध्ये इराकमध्ये दुसऱ्या एकाने ३,५४० मीटरवरून नेम साधला. दोन्ही वेळी टॅक-५० ही १२.७ मिलिमीटरची बोल्टची रायफल होती आणि दोन्ही वेळी लक्ष्य माणूस होता. २०२३ मध्ये युक्रेनने याहूनही लांबच्या, ३,८०० मीटरच्या, नेमाचा दावा केला, तेथेही माणूसच. आपल्याकडे २०१८ मध्ये नियंत्रण रेषेवर दुरून टिपून मारण्याच्या घटना वाढल्या. त्यानंतर २०१९ च्या आरंभी तेथील नेमबाजांना बॅरेटची एम-९५ ही १२.७ मिलिमीटरची बोल्टची रायफल दिल्याचे प्रसिद्ध झाले. समोरूनही तसाच मारा होत असताना ही गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की जगात या बंदुकांचे जे विक्रम नोंदले जातात ते माणसांचे असतात. कोणी किती अंतरावरून रडार फोडले याचा विक्रम आमच्या वाचनात नाही. विक्रमांच्या यादीत ‘नर’ खणखणीत आवाजात येतो; शस्त्राच्या नावात मात्र ‘कुंजर’.

इराकमधल्या त्या गोळीला लक्ष्यापर्यंत जावयास जवळजवळ दहा सेकंद लागले असे सांगतात. वाचकहो, दहा सेकंद मोजून पाहा. तेवढ्या अवधीत माणूस देवाचे नाव घेऊ शकतो, खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू शकतो, शेजाऱ्याशी एक वाक्य बोलू शकतो. गोळी निघून गेलेली असते आणि तो अजून जिवंत असतो. झाडणारा तिला परत बोलावू शकत नाही.

येथे आम्हांला तो बोल्ट आठवतो. स्वयंचलित शस्त्राला थांबा ठाऊक नसतो. बोट दाबलेले असले की गोळ्या जात राहतात. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीसाठी माणसाला हात उचलावा लागतो, मूठ फिरवावी लागते, दार उघडून पुन्हा लावावे लागते. यंत्रकारांनी हे नेमकेपणासाठी केले, नीतीसाठी नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट हाती लागते : दोन गोळ्यांच्या मध्ये एक क्षण माणसाच्या स्वाधीन राहतो. त्या क्षणात तो दुर्बिणीतून पुन्हा पाहू शकतो आणि ‘हा नर आहे’ असे स्वतःशी म्हणू शकतो. म्हटल्यानंतरही कर्तव्य म्हणून चाप ओढावा लागेल. अर्जुनालाही ओढावाच लागला. पण जाणून ओढणे आणि न जाणता ओढणे यांत माणसाच्या अंतःकरणाचे अंतर आहे. यंत्राने जो क्षण शिल्लक ठेवला तो शब्दाने हिरावून घेऊ नये, असे आम्हांला वाटते. त्या दृष्टीने आपल्या कारखान्याने दिलेले ‘विध्वंसक’ हे नाव अधिक प्रामाणिक आहे. विध्वंस करणारे ते विध्वंसक. ते कोणाचा विध्वंस करणार नाही, याचे आश्वासन ते देत नाही.

इथवर दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिले नाही, तर हा सर्व उपदेश कोरडा ठरेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जिल्ह्याच्या ठिकाणी रस्ता रुंद करण्याचे काम आमच्या देखरेखीखाली झाले. नोटिसा रीतसर बजावल्या होत्या, मुदत उलटून गेली होती, कायदा आमच्या बाजूला होता आणि रस्त्याची गरजही खरी होती. पौषातील सकाळ होती. दुपारपर्यंत काम आटोपले आणि आम्ही पंचनाम्यावर सही केली. मजकूर हिंदीत, नेहमीचा : ‘कच्चे निर्माण ११, हटाए गए। कोई अप्रिय घटना नहीं हुई।’ तेवढ्यात एक म्हातारी आमच्या टेबलापाशी आली. तिने दोन चिंध्यांनी धरून पेटती शेगडी बाहेर आणली होती आणि शेगडीवर डाळीचे पातेले तसेच होते. ते खाली ठेवून ती कागदाकडे पाहत म्हणाली, “साहब, इसमें हमारा नाम कहाँ लिखा है?” आम्ही म्हणालो, “अम्मा, इसमें नाम नहीं लिखते.” आमचे उत्तर नियमाप्रमाणे बरोबर होते. तिने मान हलविली आणि शेगडी उचलली.

बंदुकीची आणि पंचनाम्याची तुलना कोणाला अतिशयोक्त वाटेल. तेथे कोणाचा जीव गेला नव्हता. काही दिवसांनी त्या लोकांना दुसरीकडे जागाही मिळाली. परंतु ‘निर्माण’ हा शब्द आम्ही ज्या सहजतेने लिहिला, त्या सहजतेचे आज आम्हांला भय वाटते. त्या शब्दात शेगडी नव्हती, डाळ नव्हती, म्हातारी नव्हती. तो खोटाही नव्हता. धर्मराजाचा ‘कुंजर’ तरी कोठे खोटा होता?

व्यासांनी ही कथा तेथेच सोडलेली नाही. स्वर्गारोहण पर्वात धर्मराजाला क्षणभर नरक दाखविला जातो आणि कारण सांगितले जाते की तू द्रोणांना पुत्राच्या बाबतीत फसविलेस. दाखविलेला नरकही भासच असतो; फसवणुकीचे प्रायश्चित्त फसवणुकीने. आमच्यासारख्या सामान्य माणसांना असे नरकदर्शन कोणी घडवीत नाही. आम्हांला पेन्शन मिळते आणि संध्याकाळची फेरी मिळते. मग एखाद्या दिवशी शेजारचा नातू चालता चालता ‘असते’ म्हणतो.

त्याची सुटी संपल्यावर तो निरोप घ्यावयास आला, नमस्कार केला. शस्त्राविषयी पुन्हा बोलणे झाले नाही. त्याला जे सांगावेसे वाटले ते येथे लिहीत आहोत. बाळ, कर्तव्य असेल ते कर. फक्त दुर्बिणीत जे दिसेल त्याला मनात तरी त्याच्या खऱ्या नावाने हाक मार. आणि तुझ्या वरचे लोक कागदावर काय लिहितात, तेही कधी विचार. त्यांतले काही आमच्यासारखे असतात.

राहिला आमचा पंचनामा. त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार निवृत्तीबरोबर गेला, आणि तो कागदही आता कोठल्या दप्तरात असेल कोणास ठाऊक. म्हणून ती दुरुस्ती आपणा सर्वांसमक्ष येथे करीत आहोत. कच्चे निर्माण अकरा. त्यांत राहणारी माणसे किती होती, ते आम्ही मोजले नव्हते.